मागच्या अंगणाने : एर्थिग आणि घराचा इतिहासकार

उत्तर वेल्समधील रेक्सम या शहराच्या दक्षिणेस, सुमारे दोन मैलांवर, एर्थिग नावाचे सतराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले एक मोठे घर उभे आहे. १९७७ साली ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा पाहण्यास येणाऱ्यांना दर्शनी पायऱ्या चढून आत घेतले गेले नाही. त्यांना प्रथम मागच्या आवारात नेण्यात आले. तेथे सुताराचा कारखाना होता, लाकडे चिरण्याचा खड्डा होता, लोहाराची भट्टी, घोड्यांची पागा, कपडे धुण्याची खोली, पाव भाजण्याची भट्टी होती. ते सारे पाहून झाल्यावर स्वयंपाकघर आणि नोकरांचे बैठकीचे दालन लागे. मालकांची जेवणाची खोली, दिवाणखाना, जरतारी पलंग यांची पाळी त्यानंतर येई. आज हा क्रम कोणाला फारसा विलक्षण वाटणार नाही. कारण पुढील काळात इंग्लंड-वेल्समधील अनेक घरांनी तळघरातील स्वयंपाकघरे प्रेक्षकांसाठी उघडली. परंतु त्या वर्षी हा निर्णय धाडसाचा होता, आणि तो वास्तुविशारदाचा नसून मुख्यतः इतिहास जाणणाऱ्यांचा होता.

इंग्रजीत ज्याला कंट्री हाऊस म्हणतात, त्याला मराठीत नेमका शब्द सापडत नाही. गढी म्हणावे तर या घराला तट-बुरूज नसतात. वाडा म्हणावे तर आपला वाडा गावात, इतरांच्या भिंतीला भिंत लावून उभा असतो. हे घर शेकडो एकरांच्या उद्यानात एकटे असते. गाव त्याच्यापासून जाणूनबुजून दूर ठेवलेले असते. त्याच्या उत्पन्नाची मुळे मात्र आसपासच्या कुळांत, खाणींत आणि कित्येकदा समुद्रापलीकडच्या वसाहतींत पसरलेली असतात. अशा घराचा इतिहास लिहिण्याचे काम पूर्वी घरातीलच कोणी तरी करीत असे: मालक स्वतः, त्याचा ग्रंथपाल, घरचा धर्मगुरू किंवा नात्यातील एखादी हौशी विदुषी. एर्थिगच्या बाबतीत हे काम प्रथम विस्ताराने केले ते आल्बिनिया कस्ट यांनी. त्यांचे दोन खंडांचे पुस्तक १९१४ साली निघाले, आणि जुनी पत्रे उजेडात आणण्याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

१८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टला १९३७ च्या कायद्याने अशी घरे त्यांतील सामानासह आणि जमिनींसह स्वीकारण्याचा मार्ग मोकळा झाला, तेव्हा घराच्या इतिहासकाराला एक नवा आश्रयदाता मिळाला. तथापि दृष्टी फारशी पालटली नाही. ट्रस्टसाठी घरांची पाहणी करणारे जेम्स लीज-मिल्न हे उत्कृष्ट जाणकार आणि त्याहून उत्कृष्ट रोजनिशीकार होते. त्यांचे लक्ष वास्तुशिल्पावर, छताच्या नक्षीवर, चित्रांवर आणि घराण्यांच्या स्वभाववैचित्र्यावर असे. माहितीपुस्तिकांचा साचाही तसाच ठरून गेला. घर कोणी बांधले, कोणी वाढवले, कोणाचे चित्र कोणी काढले, एवढे सांगून त्या थांबत. चुली कोण पेटवीत असे, हे विचारण्याची रीत नव्हती.

एर्थिगची पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. जोशुआ एडिसबरी या स्थानिक प्रतिष्ठिताने १६८४ मध्ये ते बांधावयास घेतले आणि त्या बांधकामानेच तो बुडाला. त्याच्या धनकोंत एलिहू येल हा होता. येल घराण्याचे प्लास ग्रोनो हे घर एर्थिगला लागूनच होते. एलिहू मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत चढत चढत १६८७ मध्ये गव्हर्नर झाला. ज्याच्या नावाने अमेरिकेतील विद्यापीठ प्रसिद्ध आहे तोच हा गृहस्थ. १७२१ मध्ये तो मरण पावला आणि रेक्समच्याच चर्चच्या आवारात त्याला पुरण्यात आले. एर्थिगमधील चिनी लाखकामाचा पडदा त्यानेच एडिसबरी कुटुंबाला पाठविलेली भेट मानला जातो.

मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. येल गव्हर्नर असताना, १६९० मध्ये, कंपनीने कडलूरजवळील तेग्नापट्टणचा किल्ला विकत घेतला, आणि तो विकणारे होते जिंजीस आश्रय घेऊन मोगलांशी झुंज देणारे छत्रपती राजाराम. किल्ल्यासोबत भोवतालची जमीनही द्यायची होती, आणि तिची हद्द ठरली ती तोफेचा गोळा जाईल तिथवर! किल्ल्याला वेल्सचा संत डेव्हिड याचे नाव मिळाले. मराठ्यांच्या आणीबाणीच्या काळातील तो पैसा आणि रेक्समजवळच्या एका घरातील लाखेचा पडदा यांचा सरळ हिशेब कोणी जोडू नये. तो जोडता येणार नाही. परंतु दोहोंमध्ये एकच माणूस उभा आहे, आणि घराच्या इतिहासकाराला तो पडदा नुसता 'सुंदर चिनी काम' म्हणून नोंदवून पुढे जाता येत नाही, एवढे खरे.

एडिसबरी बुडाल्यावर जॉन मेलर या लंडनमधील धनाढ्य कायदेपंडिताने १७१६ मध्ये घर घेतले, लंडनच्या कारागिरांकडून उंची सामान करवून ते सजविले, आणि १७३३ मध्ये अविवाहितच मरताना ते सायमन यॉर्क या भाच्याला दिले. तेथून पुढे दोनशे चाळीस वर्षे एर्थिग यॉर्कांकडे राहिले. वारसाचे नाव सायमन किंवा फिलिप याखेरीज दुसरे ठेवायचे नाही, हा या घराण्याचा शिरस्ता. दुसरा शिरस्ता असा की काही टाकून द्यायचे नाही. आणि तिसरा, ज्यामुळे हे घर वाङ्मयाच्या अभ्यासकालाही आपले वाटावे, तो म्हणजे नोकरांची चित्रे काढून घेण्याचा आणि त्यांवर कविता करण्याचा.

पहिला फिलिप यॉर्क (१७४३–१८०४) हा पुराणवस्तूंचा नादी, वेल्सच्या राजकुळांवर ग्रंथ लिहिणारा आणि यमके जुळविण्याचा छंद असलेला मनुष्य होता. १७९१ ते १७९६ या काळात त्याने डेन्बी येथील जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या पदरच्या सहा माणसांची तैलचित्रे करवून घेतली. शिकाररक्षक, स्वयंपाकघरातील गडी, सुतार, लोहार, खाटिकाचा धंदा सांभाळून पिठ्याही चालविणारा एक जण, आणि जेन एब्रेल. जेन त्या वेळी सत्त्याऐंशी वर्षांची होती. तिचे काम जळमटे काढण्याचे. चित्रातही तिचा झाडू तिच्याजवळ आहे. प्रत्येक चित्रावर फिलिपने त्या व्यक्तीचा पूर्ववृत्तान्त, तिच्या खोडी, तिचे गुण सांगणारी पद्ये लिहविली. त्याचा मुलगा १८३० च्या सुमारास तीच प्रथा पुढे चालवून सुतार, वनरक्षक, माळी यांची चित्रे करविता झाला. पुढे छायाचित्रण आले तेव्हा १८५२ मध्ये सारा नोकरवर्ग आपापल्या कामाचे हत्यार हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर बसला. विसाव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या फिलिपने (१८४९–१९२२) पुन्हा पद्ये रचली आणि ती छायाचित्रांसह नोकरांच्या वावराच्या वाटेवर भिंतींवर लावली.

या पद्यांची काव्य म्हणून किंमत फार नाही. यमक ओढून आणलेले, विनोद जाडाभरडा. पहिल्या फिलिपने स्वतःच त्यांना ओबडधोबड कवने म्हटले आहे. तरीही इंग्रजी कवितेच्या इतिहासात त्यांची जागा लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्रजीत सतराव्या शतकात गृहस्तुतीच्या कवितेची एक परंपरा होऊन गेली. बेन जॉन्सनची पेन्सहर्स्टवरील कविता १६१६ मध्ये छापली गेली. टॉमस केर्‍यू आणि अँड्र्यू मार्व्हेल यांनी त्याच जातीच्या कविता लिहिल्या. आश्रित कवी आश्रयदात्याच्या घराचे गुण गातो, त्या घराच्या औदार्याचे, भरल्या ताटांचे वर्णन करतो, अशी तिची घडण. या कवितांवर रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मधील आपल्या ग्रंथात घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. या कवितांत पक्षी आपण होऊन पाकशाळेत येतात, मासे आपण होऊन जाळ्यात शिरतात, फळे हाताशी लोंबतात. नांगरणारे, मळणारे, रांधणारे हात मात्र कवितेतून उचलून बाजूला ठेवलेले असतात. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरील एका खेड्यातले, रेल्वेच्या सिग्नलवर काम करणाऱ्याचे पुत्र. त्यांचा राग केवळ तात्त्विक नव्हता.

एर्थिगच्या भिंतींवर हा संकेत उलटा झाला आहे. तेथे आश्रयदाता कवी आहे आणि आश्रित हा काव्यविषय आहे. जॉन्सनच्या पेन्सहर्स्टमध्ये ज्यांची नावे नाहीत, तेच लोक येथे नावानिशी, वयानिशी, धंद्यानिशी उभे आहेत. आपल्याकडे शाहिराने धन्याचा पोवाडा गावा ही रीत. धन्याने आपल्या सुताराचा पोवाडा रचावा, तोही त्याच्या हयातीत आणि त्याच्या देखत, याला मराठीत तोलाचा दाखला चटकन सुचत नाही. म्हणून १९७० नंतरच्या इतिहासकारांना हे घर सापडले तेव्हा त्यांना घबाड मिळाल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

ते सापडले मात्र अत्यंत केविलवाण्या अवस्थेत. जवळच्या बर्शम कोळसाखाणीची भुयारे घराखाली पोहोचली होती, आणि घर एका बाजूने सुमारे पाच फूट खचले होते. छत गळत होते. मेलरच्या काळातील चिनी रेशीमकामाचा पलंग ज्या खोलीत होता तेथेही पाणी येत होते. घरात वीज नव्हती. शेवटचा यॉर्क, तिसरा फिलिप (१९०५–१९७८), थोरला भाऊ १९६६ मध्ये वारल्यावर एकटाच या घरात राहत होता. त्याने १९७३ मध्ये एर्थिग नॅशनल ट्रस्टला दिले, आणि देताना अट घातली की घर त्यातील साऱ्या वस्तूंसह एकत्र राहावे. किंमती ते ठेवले आणि फुटके ते फेकले, असे होऊ नये. कोळसा मंडळाकडून नुकसानभरपाईचे १,२०,००० पौंड मिळाले, त्याच्या कित्येक पट खर्च दुरुस्तीला आला, आणि त्यासाठी इस्टेटीतील काही जमीन घरबांधणीसाठी विकावी लागली.

ट्रस्टच्या वतीने हे काम ज्यांच्याकडे आले त्यांत मर्लिन वॉटरसन हे तरुण अधिकारी प्रमुख होते. घरात बसून इतिहासाचे काम करणे आणि अभिलेखागारात बसून करणे यांत एक मोठा फरक आहे, तो येथे स्पष्ट झाला. अभिलेखागारात कागद कागदाशेजारी असतो. घरात तो ज्या कपाटात पडून राहिला त्या कपाटाशेजारी, ज्या कामाचे बिल आहे त्या कामाशेजारी असतो. सुताराच्या मजुरीची नोंद, त्याने बनविलेले दार, त्याचे भिंतीवरील चित्र आणि त्याच्या चित्रावरील मालकाची कविता, ही चारही साधने एकाच छपराखाली सापडावीत असा योग विरळा. यॉर्क कुटुंबाचे कागद पुढे हॉर्डन येथील जिल्हा अभिलेखागारात नेऊन लावण्यात आले, आणि ते आवश्यकही होते. पण वस्तू जेथल्या तेथे असताना त्यांची जी मोजदाद झाली, तीच या घराच्या नव्या इतिहासाचा पाया ठरली. बादल्या, इस्त्र्या, फुटके कंदील यांनाही पलंगाइतकाच क्रमांक मिळाला.

वॉटरसन यांचे नोकरांच्या दालनाविषयीचे पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १९७४ साली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात नष्ट झालेल्या घरांचे शोकप्रदर्शन भरले होते. १९७८ मध्ये मार्क जिरुआर्ड यांनी घराचा नकाशा हा समाजरचनेचा नकाशा म्हणून कसा वाचावा हे दाखवून दिले होते. मालक आणि चाकर यांच्यासाठी वेगळे जिने का बांधले गेले, नोकरांना बोलावण्याच्या घंटा लांब तारांनी कधीपासून जोडल्या गेल्या आणि त्यामुळे नोकर मालकापासून किती दूर बसू शकला, अशा प्रश्नांतून त्यांनी मोठा अर्थ काढला. वॉटरसन यांच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य वेगळे. ते माणसांवर लोभ करणारे पुस्तक आहे. त्यातील नोकर हा वर्ग नसून एकेक स्वभाव आहे. पुस्तकाची गोडी यात आहे, आणि त्याची उणीवही, कारण या स्वभावांची ओळख बव्हंशी मालकांच्या शब्दांत झालेली आहे.

हे बेट्सी, किंवा घरात सारे म्हणत तसे बेटी, रॅटक्लिफ हिच्या उदाहरणावरून दिसते. ती पहिल्या फिलिपच्या आईची, डोरोथी यॉर्क यांची, सोबतीण-दासी. चेस्टरच्या एका घड्याळजीची ही मुलगी विलक्षण हाताची होती. तिने केलेली चिनी पॅगोड्याची आणि पालमायराच्या भग्न मंदिराची प्रतिकृती अजून एर्थिगमध्ये आहे. कातडी कागद, अभ्रक, शिंपले असे साहित्य वापरून तिने त्या घडविल्या. तिच्या कलेचे फिलिपला कौतुक होते आणि तो तिला नवनवी कामे सांगत असे. आईने मात्र त्याला पत्र लिहून समज दिली, की तिला चित्रांच्या कामाला लावू नये, त्याने तिचे नेहमीचे काम मागे पडते. या पत्राला क्रूर म्हणता येणार नाही. ते व्यवहारी आहे. पगार सुईकामाचा होता. मालकिणीचे म्हणणे पत्रातून कळते, मालकाचे कौतुक त्याच्या वागण्यातून कळते, आणि बेटीचे म्हणणे? ते कळण्यासाठी तो पॅगोडाच पाहावा लागतो. वस्तू हे साधन आहे असे इतिहासाचे अध्यापक वर्गात सांगतात. येथे दुसरे साधनच उरलेले नाही.

याहून अवघड प्रसंग एका चित्राने निर्माण केला आहे. नोकरांच्या चित्रांत एक चित्र कृष्णवर्णीय तरुणाचे आहे; त्याच्या हाती गाडीवानाचे शिंग आहे. फिलिपने इतर चित्रांसारखीच यावरही पद्ये लिहविली, पण ती लिहिताना मेलरला मरून साठेक वर्षे होऊन गेली होती. म्हणून ही कविता आरंभीच कबूल करते की या माणसाची माहिती आपल्यापाशी फारशी नाही. तो मेलरच्या पदरी शिंग वाजवीत असे, एवढेच ती सांगते. पुढे ती मृत्यूनंतरच्या लोकाकडे वळते, जेथे काळे-गोरे हा भेद संपतो, आणि इहलोकी मालक व गुलाम यांतील अंतर फारच मोठे आहे अशी कबुली देते. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची चळवळ त्या दशकात जोरात होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या ओळींतील सद्भावना खरी आहे हे पटते. परंतु सुताराचे नाव आहे, लोहाराचे आहे, जळमटे काढणाऱ्या वृद्धेचे आहे. येथे मात्र कवितेने माणसाच्या जागी त्याची दशा ठेवली. जेथे माहिती संपली तेथे फिलिपने यमक आणि परलोक यांचा आधार घेतला. इतिहासकाराला दोन्ही आधार वर्ज्य.

घराच्या इतिहासकाराने उंबरठ्याबाहेर किती दूर जावे, हा वाद अलीकडच्या काळात उघड्यावर आला. २०११ मध्ये सुरू झालेल्या एका विद्यापीठीय प्रकल्पात मार्गो फिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा पैसा, कापड आणि भांडी ब्रिटिश घरांत कशी शिरली याचा शोध घेतला. त्यात विद्यापीठातील अध्यापकांबरोबर घरांतून काम करणारे संग्राहक आणि स्थानिक अभ्यासकही सहभागी झाले. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने स्वतःच आपल्या ताब्यातील ९३ स्थळांचे वसाहतींशी व गुलामगिरीशी असलेले संबंध नोंदविणारा अहवाल प्रसिद्ध केला. एर्थिगहून तीसेक मैलांवर असलेला पोविस किल्ला त्यात असणे अपरिहार्यच होते. क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तू, टिपू सुलतानाचा तंबू त्यांपैकीच, तेथे ठेवलेल्या आहेत. अहवालावर गदारोळ झाला. काही खासदारांनी जाहीर निषेध केला, लोक घरे पाहायला येतात ते उपदेश ऐकायला नव्हे असे म्हटले गेले, संशोधकांना व्यक्तिशः लक्ष्य करण्यात आले. धर्मादाय आयोगाने चौकशी करून मार्च २०२१ मध्ये ट्रस्टने कायद्याचे उल्लंघन केलेले नाही असा निर्वाळा दिला.

या वादातील दोन्ही बाजूंनी एक गोष्ट पुरेशी लक्षात घेतली नाही असे वाटते. घराचा इतिहासकार हा पाहुणाही असतो आणि पगारी नोकरही. ज्या छपराची दुरुस्ती प्रेक्षकांच्या तिकिटांतून होते, त्याच छपराखाली बसून त्याला लिहायचे असते. बखरकाराची अडचण आपल्याला परिचित आहे: पोशिंद्याच्या आज्ञेवरून लिहिताना काय गाळले जाते, हे मराठी वाचकाला शिकवावे लागत नाही. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून दप्तरे गोळा केली ती याच अविश्वासातून. घरात राहणाऱ्या इतिहासकाराला दप्तर हाताशी असते, पण बखरही कोणीतरी मागत असते. १९७७ मध्ये मागच्या अंगणाचे दार उघडणे हे धैर्याचे काम होते खरे. तथापि तेही दार मालकाने आधी सजवून ठेवलेले होते. तेथे गेल्यावर समोर येत होत्या त्या मालकानेच रचलेल्या कविता. प्रेमळ मालक आणि निष्ठावंत चाकर यांचे जे चित्र या घराने स्वतःविषयी रंगविले होते, ते प्रेक्षकांना फार आवडले, आणि इतिहासकारांनाही.

त्या चित्रातील एक जागा मुळातच फाटलेली होती. दुसऱ्या फिलिपने १९०२ मध्ये लुईझा स्कॉट हिच्याशी विवाह केला. ती मोठ्या घराचा कारभार पूर्वी केलेली नव्हती. त्याच वर्षी एलन पेन्केथ ही स्वयंपाकीण आणि घरकारभारीण म्हणून कामास लागली. व्यवहार असा की मालकिणीने रोख रक्कम द्यायची आणि घरकारभारणीने दुकानदारांची बिले चुकती करायची. पाहुण्यांची वर्दळ, मेजवान्या, कोळसा, मांस, किराणा. पाच वर्षांत बिले तुंबली. १९०७ मध्ये प्रकार उघडकीस आला तेव्हा पाचशे पौंडांच्या चोरीचा आरोप ठेवून एलनला अटक करण्यात आली. रुथिन येथे खटला चालला. मालकिणीला साक्षीला उभे राहावे लागले, आणि हिशेबांचा गोंधळ सर्वांसमोर आला. ज्यूरीने एलनला निर्दोष ठरविले.

घराने मात्र तो निकाल मानला नाही. लुईझाच्या रोजनिशीत आपल्यावर अन्याय झाल्याची भावना आहे. फिलिपने पुढे आपल्या नोकरांविषयी पद्ये रचली तेव्हा एलनलाही त्यांत घेतले, आणि यमकात ती चोरच राहिली. न्यायालयात जे सिद्ध झाले नाही ते कवितेने सिद्ध धरले. जेन एब्रेलला अमर करणारा तोच प्रकार, तोच छंद, तीच कौटुंबिक थट्टेची भाषा! एर्थिगच्या पद्यांचे जे कौतुक वर केले आहे, ते या ठिकाणी येऊन अडखळते. धन्याने चाकराचा पोवाडा रचावा ही गोष्ट रम्य वाटते, पण पोवाडा रचणाऱ्याच्या हाती बदनामीचेही साधन असते, आणि चाकराला उत्तर देण्यासाठी भिंत नसते.

पेन्केथ प्रकरण दीर्घकाळ घरातल्या कथेप्रमाणेच, म्हणजे फसविल्या गेलेल्या भोळ्या मालकिणीची गोष्ट म्हणून सांगितले गेले. २०१४ साली टेसा बोस यांनी घरकारभारणींविषयी पुस्तक लिहिताना तेच कागद दुसऱ्या बाजूने वाचले. नवे मोठे घबाड त्यांना मिळाले नव्हते. रोजनिशी तीच, वर्तमानपत्रांतील खटल्याची हकिकत तीच. त्यांनी प्रश्न बदलला: पाहुणे किती, माणसे किती, हाती आलेली रक्कम किती, आणि एवढ्या रकमेत एवढ्या पंक्ती उठविणे शक्य होते काय? पैसा एलनच्या अंगावर कोठे दिसत नव्हता. तो ताटांत दिसत होता. खर्च वाढल्याचे मालकिणीला सांगण्याची हिंमत तिला झाली नाही, आणि ते विचारण्याची तसदी मालकिणीने घेतली नाही, असा अर्थ त्या वाचनातून निघतो. तो शंभर टक्के सिद्ध झाला असे म्हणणे घाईचे होईल. पण ज्यूरीच्या निकालाशी तो जुळतो, आणि कवितेशी जुळत नाही.

१९१२ मध्ये एर्थिगच्या नोकरवर्गाचे पुन्हा एकदा एकत्र छायाचित्र घेण्यात आले, जुन्या प्रथेप्रमाणे. एलन पेन्केथ त्यात अर्थातच नाही.